थाकसिन शिनावात्रा : परागंदा, तडीपार की फरारी?

दूरदेशी | शनि, १३/०९/२०२५ - २१:१०

मंगळवारी, ९ सप्टेंबरला, थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रांना एक वर्षासाठी तुरुंगात धाडलं आणि त्याच दिवशी ते बँकॉकच्या क्लोंग प्रेम तुरुंगात दाखल झाले. आमच्या घरच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "तो तडीपार झालेला पंतप्रधान ना?" दुसऱ्याने लिहिलं, "तडीपार कसला, फरारी होता." मी २००८ ते २०१४ बँकॉकमध्ये नोकरीला होतो, सिलोमजवळ राहत होतो. या माणसाच्या नावाने शहर बंद पडताना तीनदा पाहिलं. म्हणून हा धागा.

तडीपारीला कुणाचा तरी हुकूम लागतो. तसा हुकूम कधी निघालाच नाही. १९ सप्टेंबर २००६ च्या रात्री लष्कराने सत्ता घेतली तेव्हा ते संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कला होते, तिथून लंडनला गेले. २८ फेब्रुवारी २००८ ला आपल्या पक्षाचं सरकार आल्यावर परतले, विमानतळाबाहेर गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावलं. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक बघायला म्हणून गेले आणि खटला चालू असताना परस्पर लंडनला निघून गेले. पहिल्या खेपेला ते परागंदा होते, दुसऱ्या खेपेला फरारी. माझ्या मते दोन्ही शब्द खरे आहेत. कुठला वापरायचा हे बँकॉकमध्ये त्या वर्षी सत्ता कुणाची आहे यावर ठरत गेलं.

त्यांच्या पासपोर्टचंच बघा. एप्रिल २००९ मध्ये विरोधी सरकारने रद्द केला. २०११ मध्ये बहीण यिंगलक पंतप्रधान झाल्यावर परत मिळाला. २०१४ च्या बंडानंतरच्या लष्करी सरकारने २०१५ मध्ये पुन्हा रद्द केला. शिक्षा तीच, माणूस तोच.

आता दुसरा प्रश्न, ज्यावर मला तुमच्याशी खरंच बोलायचं आहे. २००९ आणि २०१० मध्ये लाल शर्टवाल्यांनी, म्हणजे थाकसिनच्या समर्थकांनी, जी आंदोलनं केली, ती थाकसिन दुबईत बसून चालवत होते का? थायी वर्तमानपत्रं तेव्हा त्यांचं नाव टाळून "खोन दाएन क्लाय" लिहायची, म्हणजे दूरदेशीचा माणूस. (माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय.) माझं मत असं, की सुरुवातीला दोर त्यांच्याच हातात होता, पण आंदोलन त्यांच्यापेक्षा मोठं झालं. ते त्यांना कधी कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी मानलं नाही.

*

चौकस | शनि, १३/०९/२०२५ - २२:०२

दूरदेशी, लेख चांगला आहे, पण तुम्ही माणसाला फार सांभाळून घेताय. जानेवारी २००६ मध्ये कुटुंबाने आपल्या शिन कॉर्पोरेशन या दूरसंचार कंपनीचे शेअर सिंगापूर सरकारच्या तेमासेक कंपनीला ७३ अब्ज बातला (बात हे थायी चलन) विकले आणि त्यावर कर भरला नाही. पंतप्रधानाच्या घरात असा व्यवहार झाल्यावर लोक रस्त्यावर उतरणारच. त्यांचे विरोधक, पिवळे शर्टवाले, काही आकाशातून पडले नव्हते. २०१० मध्ये न्यायालयाने त्यांची ४६ अब्ज बातची मालमत्ता जप्त केली. त्यानंतर दोन आठवड्यांत लाल शर्टवाले बँकॉकमध्ये. हा योगायोग मानायचा का?

आणि २००९ च्या सोंगक्रानमध्ये, म्हणजे एप्रिलमधल्या थायी नववर्षात, त्यांनी फोनवरून जाहीरपणे सांगितलं की आता क्रांतीची वेळ आली आहे, गरज पडली तर मी परत येतो. आले का? लोक लष्करासमोर उभे राहिले आणि हे परदेशात.

*

वकिलीण | शनि, १३/०९/२०२५ - २२:४८

मी थायी कायद्याची जाणकार नाही, पण फौजदारी वकिली करते आणि या प्रकरणाचे निकाल बारकाईने वाचलेत. भावनेच्या आधी कागद बघू.

२१ ऑक्टोबर २००८ ची पहिली शिक्षा दोन वर्षांची. राचदाफिसेक भागातली जमीन त्यांच्या पत्नीने सरकारी निधीकडून ७७ कोटी २० लाख बातला घेतली होती. आरोप लाच घेतल्याचा नव्हता. ज्या सरकारी संस्थेवर पतीची देखरेख आहे तिच्याशी पत्नीने करार केला, हा हितसंबंधांचा गुन्हा. न्यायमूर्तींमध्येही ५ विरुद्ध ४ असा निकाल, आणि पत्नी निर्दोष. मूळ तपास बंडवाल्यांनी नेमलेल्या समितीने केलेला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयाच्या राजकीय पदाधिकाऱ्यांसाठीच्या विभागात चालला, त्यामुळे अपिलाला वरचं दारच नव्हतं. तेव्हाच्या राज्यघटनेप्रमाणे फक्त नवा पुरावा असेल तर ३० दिवसांत दाद मागता येत होती.

हे सगळं मला खटकतं. पण म्हणून जमिनीचा व्यवहार झालाच नव्हता असं होत नाही. फळ विषारी झाडाचं असेल, तरी ते कुणी तोडलं हेही बघायला हवं.

दुसरं, "राजकीय आश्रय" हा शब्द सगळे सैल वापरतात. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटनने त्यांचा व्हिसा रद्द केला. पुढे ते माँटेनेग्रोचे नागरिक झाले आणि त्या पासपोर्टवर फिरले. म्हणजे थायलंडच्या दृष्टीने फरारी सिद्धदोष, माँटेनेग्रोच्या दृष्टीने नागरिक, दुबईच्या दृष्टीने पाहुणा. जपानच्या कायद्यात वर्ष किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्याला प्रवेश नाही, तरी ऑगस्ट २०११ मध्ये, बहिणीचं सरकार आल्याबरोबर, जपानने खास परवानगी दिली. दूरदेशींचा पासपोर्टचा मुद्दा इथे आणखी पक्का होतो.

प्रत्यार्पणाबद्दल. नोव्हेंबर २००९ मध्ये कंबोडियाचे तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन यांनी त्यांना आर्थिक सल्लागार नेमलं. थायलंडने त्यांना ताब्यात मागितलं, कंबोडियाने शिक्षा राजकीय आहे म्हणून नकार दिला. दोन्ही देशांनी राजदूत परत बोलावले. राजकीय गुन्ह्यासाठी प्रत्यार्पण नाही, हे तत्त्व जगभर मान्य आहे. पण राजकीय काय हे ठरवतो तो ज्याच्या दारात माणूस उभा आहे तो देश. तिथे कायदा संपतो आणि दोस्ती सुरू होते.

*

पूर्वरंग | शनि, १३/०९/२०२५ - २३:१५

वकिलीणताई, एक शंका. ती दोन वर्षांची शिक्षा मग भोगली का? २०२३ ला मायदेशी परतले तेव्हा आठ वर्षांची शिक्षा कुठून आली?

*

वकिलीण | शनि, १३/०९/२०२५ - २३:३१

भोगली नाही. शिक्षा अमलात आणायची मुदत दहा वर्षांची, ती २०१८ मध्ये संपली. दहा वर्षं देशाबाहेर काढली आणि शिक्षा विरून गेली.

आठ वर्षं दुसऱ्या तीन खटल्यांची. २०१७ च्या नव्या कायद्याने राजकीय पदाधिकाऱ्यांवर गैरहजेरीत खटला चालवता येऊ लागला आणि आरोपी पळालेला असेल तोवर मुदतीचं घड्याळ थांबू लागलं. त्याखाली २०१९ आणि २०२० मध्ये निकाल लागले : म्यानमारला दिलेलं कर्ज, त्यात कुटुंबाच्या कंपनीचा फायदा, तीन वर्षं. लॉटरीचं प्रकरण, दोन वर्षं, आधीच्या तिनांबरोबरच भोगायची. दुसऱ्यांच्या नावे शेअर ठेवून सवलती घेतल्याचं प्रकरण, पाच वर्षं. तीन अधिक पाच, आठ.

आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत फरार घोषित आरोपीवर गैरहजेरीत खटला चालवायची तरतूद आली आहे. म्हणून हे मी परक्या देशाची गोष्ट म्हणून वाचत नाही. आरोपीच्या बाजूने प्रश्न विचारणारा समोर नसताना निकाल किती मजबूत होतो, हे आम्हा वकिलांना पुढची काही वर्षं छळणार आहे.

*

दूरदेशी | रवि, १४/०९/२०२५ - ०८:२०

चौकसराव, शेअरविक्रीबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. तो व्यवहार निर्लज्ज होता. पण "पैसा जप्त झाला म्हणून माणसं आली" हे मी मानत नाही, कारण मी ती माणसं पाहिली.

आमच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या बाई उदोन थानीच्या, ईशान्येकडच्या इसान भागातल्या. सगळे त्यांना "पा" म्हणायचे, मोठ्या मावशीला म्हणतात तसं. मार्च २०१० मध्ये त्या आठवडाभर रजेवर गेल्या आणि लाल रुमाल बांधून रस्त्यावर बसल्या. परत आल्यावर मी विचारलं, थाकसिनसाठी? त्यांनी पाकिटातून आईचं दवाखान्याचं कार्ड काढून दाखवलं. कडा झिजलेल्या, मध्ये घडी. ३० बातमध्ये इलाज, २००१ मध्ये आलेली योजना. त्याआधी वडिलांच्या आजारपणात त्यांनी म्हैस विकली होती. मला म्हणाल्या, आम्ही चारदा मत दिलं, चारही वेळा कुणीतरी ते पुसून टाकलं. मी बोटं मोजली. २००१, २००५, २००६ ची रद्द झालेली निवडणूक, आणि २००७, ज्यातून आलेला पक्ष २ डिसेंबर २००८ ला न्यायालयाने बरखास्त केला. पुसलेली खरं तर तीन निघतात. पण बाईंच्या हिशोबात चूक काढायचा मला धीर झाला नाही.

लाल सभांमध्ये दोन शब्द सारखे ऐकू यायचे. "फ्राय" म्हणजे कूळ, वेठीचा माणूस. आणि "अम्मात". हा आपला अमात्य! शिवकाळाच्या वाचनामुळे आपल्याला हा शब्द किती आदराचा, आणि तिथे तो दरबारी, न कुणी निवडलेल्या, सगळं पडद्यामागून ठरवणाऱ्या वर्गासाठीची शिवी. २७ मार्च २००९ ला थाकसिननी पडद्यावरून प्रिव्ही कौन्सिलचे (राजाच्या सल्लागार मंडळाचे) अध्यक्ष प्रेम तिनसुलानोंद यांचं नाव घेऊन बंडामागे हेच असं उघड सांगितलं. ती त्यांची ठिणगी, मान्य. पण फ्राय आणि अम्मात हा झगडा दुबईतून पाठवता येत नाही. तो घरातच होता.

अवांतर : पिवळ्यांच्या हातात टाळ्या वाजवायला प्लास्टिकचे पंजे असायचे. लालवाल्यांनी त्याला उत्तर म्हणून प्लास्टिकची पावलं आणली. तिकडे पाय दाखवणं हा मोठा अपमान. पा त्यांचं पाऊल झाडूच्या कपाटात ठेवायच्या, वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळून.

*

रानवाटा | रवि, १४/०९/२०२५ - ०९:०५

अम्मात आणि अमात्य! अंगावर काटा आला. लिहा अजून.

*

चौकस | रवि, १४/०९/२०२५ - १०:४०

पांची गोष्ट मनाला लागली, खरंच. तरी एक टोचणारी गोष्ट विचारतो. ३ मे २०१० ला पंतप्रधान अभिसित वेजाजिवांनी १४ नोव्हेंबरला निवडणूक घ्यायची तयारी दाखवली होती. लाल नेत्यांनी ती आधी जवळजवळ मान्य केली, मग नव्या अटी आल्या, १३ तारखेला प्रस्ताव मागे घेतला गेला. त्याच संध्याकाळी बंडखोर जनरल खात्तिया यांना मुलाखत देताना गोळी लागली. सहा दिवसांनी चिलखती गाड्या. निवडणूक हवी होती तर मिळत होती की! मग नको कुणाला होती? ज्याला निवडणुकीने परत येता येणार नव्हतं, त्याला.

*

दूरदेशी | रवि, १४/०९/२०२५ - १२:१५

हा प्रश्न बँकॉकमध्ये आजही भांडणाला कारण होतो. दुबईहून फोन आल्यामुळे तडजोड फिसकटली असं अनेक जण छातीठोक सांगतात. लाल नेत्यांमध्येच फूट होती, १० एप्रिलला माणसं मेली होती आणि त्याची जबाबदारी उपपंतप्रधान सुतेप यांनी पोलिसांसमोर हजर राहून घ्यावी यावर घोडं अडलं, असं दुसरे सांगतात. मला वाटतं दोन्हींत तथ्य आहे. तुमचा आरोप मी झटकत नाही.

१९ मे २०१० ची सकाळ सांगतो. सालादाएंगच्या चौकात टायर आणि टोकदार बांबूंची भिंत होती. सहा वाजायच्या सुमारास लष्करी गाड्यांचा आवाज, मग जळक्या रबराचा वास. तो पुढे आठवडाभर पडद्यांतून गेला नाही. दुपारी नेत्यांनी व्यासपीठावरून शरणागती जाहीर केली, संध्याकाळी सेंट्रल वर्ल्ड हा मॉल जळत होता, रात्री संचारबंदी. आपल्याकडचे पर्यटक एरावानच्या ब्रह्मदेवाला जातात, तो आणि सेंट्रल वर्ल्डसमोरचा गणपती दोन्ही याच राचप्रसोंग भागातले. तिथून चालत दहा मिनिटांवर वात पाथुम वनाराम. आपल्या शब्दांत पद्मवनाराम. लोकांनी तिथे आसरा घेतला होता, कारण देवळात कुणी मारत नाही. तिथे सहा जण मारले गेले, त्यांत जखमींना मलमपट्टी करणारी स्वयंसेवक परिचारिका. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयाने मृत्यूच्या चौकशीत सांगितलं की गोळ्या लष्कराच्या होत्या. सगळं मिळून त्या दोन महिन्यांत नव्वदहून जास्त माणसं गेली.

थाकसिनवर आठवड्याच्या आत दहशतवादाचं वॉरंट निघालं. गोळ्या झाडणाऱ्यांपैकी आजवर एकालाही शिक्षा नाही. अभिसित आणि सुतेप यांच्यावरचा खटला २०१४ मध्ये, हे आमच्या अखत्यारीत नाही म्हणून, न्यायालयाने फेटाळला.

*

वकिलीण | रवि, १४/०९/२०२५ - १३:०२

आणि २०१३ चं माफी विधेयक? ते या धाग्यात यायलाच हवं.

*

दूरदेशी | रवि, १४/०९/२०२५ - १५:३०

त्याच्या आधी नावेची गोष्ट.

१९ मे २०१२, त्या कत्तलीला दोन वर्षं. राचप्रसोंगला लाल गर्दी, पा पण होत्या. थाकसिन पडद्यावर आले. म्हणाले, तुम्ही मला वल्हवत नाव किनाऱ्याला लावलीत, आभारी आहे. आता पुढे डोंगर आहे, मी गाडीने जाईन. नाव काही डोंगरावर न्यायची नसते. म्हणजे, समेट होऊ द्या, न्यायाचा हट्ट सोडा, तुमचं काम झालं. ज्यांची मुलं त्या चौकात मेली होती ते समोर बसले होते. पुढे त्यांनी माफी मागितली, पण दुसऱ्या दिवशी पा कामावर आल्या तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, आणि पा रोज बोलायच्या.

मग विधेयक. मूळ मसुदा फक्त साध्या आंदोलकांच्या सुटकेचा होता. समितीत तो बदलला : नेते, अधिकारी, सगळे माफ. त्यात थाकसिनही सुटत होते आणि देवळात गोळ्या झाडणारेही. १ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे चारच्या पुढे, विरोधक सभागृहात नसताना, ३१० मतांनी मंजूर. पिवळ्या बाजूचे शिट्ट्या फुंकत लाखोंनी उतरले हे जगाने पाहिलं. लाल शर्टवालेही त्याविरुद्ध होते, हे कमी लोकांना ठाऊक आहे. सिनेटने ते फेटाळलं, पण आग विझली नाही. मे २०१४ मध्ये न्यायालयाने यिंगलकना काढलं आणि २२ तारखेला बंड.

चौकसराव, तुमचा खरा मुद्दा इथे आहे असं मला वाटतं. त्यांनी आंदोलन चालवलं, एवढ्यापुरती माझी तक्रार नाही. त्यांनी ते आपल्या परतीच्या तिकिटासाठी मोडीत काढलं.

*

चौकस | रवि, १४/०९/२०२५ - १६:१०

इथे सहमत. नावेबद्दल मला माहीत नव्हतं.

*

हिरवळ | रवि, १४/०९/२०२५ - १८:४५

सगळे बँकॉक आणि इसानबद्दल बोलताय. दक्षिणेबद्दल कुणीच नाही. ऑक्टोबर २००४, ताक बाय. मलाय मुस्लिम आंदोलकांना हात मागे बांधून ट्रकमध्ये एकावर एक रचलं, ७८ जण गुदमरून मेले, एकूण ८५. पंतप्रधान थाकसिन. त्याच्या आदल्या वर्षी अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत तीन महिन्यांत अडीच हजारांवर माणसं मारली गेली. पंतप्रधान थाकसिन.

ताक बायचा खटला कसाबसा उभा राहिला आणि २५ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री वीस वर्षांची मुदत संपली. एकही आरोपी न्यायालयात हजर झाला नव्हता. आरोपींमध्ये सत्ताधारी पक्षाचा खासदार होता आणि पंतप्रधान होती थाकसिन यांची मुलगी. वकिलीणताईंनी वर मुदतीबद्दल लिहिलं, ते वाचून हे आठवलं. लाल शर्टवाल्यांचा न्याय मागताना या माणसांचा विसर पडू नये एवढंच.

*

दूरदेशी | रवि, १४/०९/२०२५ - १९:२०

हिरवळ, मूळ लेखात हे यायला हवं होतं. मी बँकॉकमध्ये राहिलो म्हणून बँकॉकचं लिहिलं, हे कारण पुरेसं नाही.

*

पूर्वरंग | रवि, १४/०९/२०२५ - २०:०५

आणि २०२० मधली ती निषेधाची तीन बोटं वर करणारी आंदोलक मुलं? त्यांच्यामागे पण हेच होते का?

*

दूरदेशी | रवि, १४/०९/२०२५ - २१:५०

नाही. ती मुलं फेब्रुवारी २०२० मध्ये बरखास्त झालेल्या फ्यूचर फॉरवर्ड पक्षाच्या मागची पिढी. १० ऑगस्टला थम्मासात विद्यापीठात त्यांनी राजसत्तेच्या सुधारणेच्या दहा मागण्या वाचल्या. थाकसिननी आयुष्यात कधी तेवढं म्हटलं नाही आणि म्हटलं नसतं. मात्र अनेक जुने लाल शर्टवाले त्या मुलांच्या शेजारी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे राहिले. नाव सोडून दिलेल्यांना दुसरी नाव मिळाली.

उरलेलं थोडक्यात. मे २०२३ मध्ये त्याच धाटणीचा मूव्ह फॉरवर्ड १५१ जागा घेऊन पहिला आला, थाकसिनचा फुय थाय १४१. फुय थायने लष्कराच्या पक्षांशी हात मिळवला. २२ ऑगस्टला थाकसिन खासगी विमानाने उतरले आणि त्याच दिवशी त्यांच्या पक्षाचा पंतप्रधान निवडला गेला. त्याच रात्री तुरुंगातून पोलीस इस्पितळात, चौदाव्या मजल्यावर. आठ वर्षांची शिक्षा राजाने एका वर्षावर आणली, सहा महिन्यांनी पॅरोल. परवाचा निकाल याचबद्दल : इस्पितळातले दिवस शिक्षेत धरणार नाही.

यंदा २८ जूनला पावसात विजयस्मारकाजवळ पुन्हा हजारो लोक जमले, पंतप्रधान मुलीचं हुन सेनशी फोनवरचं बोलणं बाहेर फुटल्यावर. ज्याने कधीकाळी आसरा दिला त्याच हुन सेनशी. व्यासपीठाकडे पिवळ्यांचे नेते सोंधी होते आणि एकेकाळचे लाल नेते जातुपोर्नही. पंधरा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

*

वकिलीण | सोम, १५/०९/२०२५ - १०:१०

म्हणजे आता त्यांचा दर्जा कुठला? परागंदा नाही, फरारी नाही. निकालाआधी ४ तारखेला दुबईला गेले होते, पण ८ ला स्वतः परतले. सतरा वर्षांत पहिल्यांदा साधा शब्द लागू होतोय : कैदी.

*

रानवाटा | सोम, १५/०९/२०२५ - ११:३२

दूरदेशी, पा कुठे असतात आता?

*

दूरदेशी | सोम, १५/०९/२०२५ - २२:०५

उदोनला, गावी. मंगळवारी निकाल लागल्यावर फोन केला होता. माझी थायी आता मोडकी झाली आहे, त्यांची नात मध्ये मध्ये समजावून देत होती. मी विचारलं, वाईट वाटलं का. म्हणाल्या, म्हातारा माणूस आहे, ७६ वर्षांचा, जेवण नीट मिळू दे. मग म्हणाल्या, देवळातल्या त्या मुलीचं काय झालं, तुमच्याकडच्या पेपरात काही येतं का.

मी नाही म्हणालो.